पाहुणे येण्यापूर्वीं

पितृपक्ष संपून नवरात्राची चाहूल लागली, म्हणजे आमच्या घरीं दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. पहिली देवघराची, ती सूनबाईंच्या देखरेखीखालीं चालते. दुसरी क्रिकेटच्या हंगामाची. तिचें सूत्रधारत्व आमच्या पुतण्याच्या चिरंजीवांकडे असतें. यंदां त्यांनीं एका मोठ्या पुठ्ठ्यावर ऑक्टोबरापासून मार्चापर्यंतचे महिने आंखून तो माजघराच्या भिंतीस लावला. २०२७ च्या आरंभीं ऑस्ट्रेलियाचा संघ पांच कसोटी सामने खेळण्यासाठीं भारतांत यावयाचा आहे; त्या महिन्यांचे रकाने तांबड्या शाईनें रंगविलेले होते. पुठ्ठा सुबक होता यांत शंका नाहीं. परंतु छत्तीस वर्षें वह्या तपासण्यांत घालविल्यामुळें आमची दृष्टि लिहिलेल्या उत्तरापेक्षां सोडून दिलेल्या प्रश्नावर आधीं जाते.

“यांत आपले देशांतले सामने कोठें आहेत रे?” आम्हीं विचारिलें.

“देशांतले कोणते, आजोबा? ती तर नुसती रणजी!”

हा ‘नुसती’ शब्द आम्हांस लागला. या महिन्याचें आमचें टिपण त्याच एका शब्दावर आहे. तरी वाचकांनीं तें गोड करून घ्यावें.

प्रथम येणाऱ्या पाहुण्यांविषयीं. ऑस्ट्रेलियाशीं आपल्या भूमीवर पांच कसोट्यांची मालिका होणें ही आतां दुर्मिळ गोष्ट झाली आहे. १९५९-६० सालीं अशी मालिका झाली. तींत कानपूरच्या सामन्यांत जसू पटेल यांनीं चौदा बळी घेतले आणि भारतानें ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळविला. १९६९-७० सालीं पुन्हां पांच सामने झाले. ती मालिका आपण ३-१ अशी गमाविली, परंतु त्याच कानपुरांत पहिल्या डावांत शून्यावर बाद झालेल्या विश्वनाथांनीं दुसऱ्या डावांत १३७ धांवा काढून आपल्या कसोटी-जीवनाचा श्रीगणेशा केला. १९७९-८० सालीं सहा सामने झाले. त्यानंतर आजवर या दोन देशांत भारतांत एका मालिकेंत चारांहून अधिक सामने झालेले नाहींत. चार सामन्यांत एखादी चूक झांकली जाते. पांच सामन्यांत ती उघडी पडतेच. घटकचाचणी आणि वार्षिक परीक्षा यांत जो भेद, तोच येथें.

इतिहास पाहतां आपण निश्चिंत असावें असें कोणासहि वाटेल. ऑस्ट्रेलियानें भारतांत मालिका जिंकली ती शेवटची २००४ सालीं. कलकत्त्याचा २००१ चा सामना तर घरोघरीं ठाऊक आहे. फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मण यांनीं २८१ व द्रविड यांनीं १८० धांवा काढल्या, आणि हातचा गेलेला सामना आपण १७१ धांवांनीं जिंकला. पुढें २०१३, २०१७ आणि २०२३ या तिन्ही वर्षीं पाहुणे मालिका हरूनच परतले. मात्र त्यांच्या देशांत २०२४-२५ मध्यें झालेली पांच सामन्यांची मालिका आपण ३-१ अशी हरलों, आणि २०१७ पासून आपल्याकडे असलेला बॉर्डर-गावसकर करंडक त्यांच्याकडे गेला. तो परत आणावयाचा आहे. शिवाय कसोटी अजिंक्यपदाच्या २०२५-२७ या आवर्तनाचा हिशेबहि या मालिकेशीं निगडित आहे.

परंतु आमची चिंता ऑस्ट्रेलियाविषयीं नाहीं, ती आमच्याच घराविषयीं आहे. २०१३ पासून २०२४ पर्यंत भारतानें आपल्या भूमीवर सलग अठरा कसोटी मालिका जिंकल्या. असा पराक्रम दुसऱ्या कोणत्याहि देशाच्या खातीं नाहीं. नंतर २०२४ च्या ऑक्टोबरांत न्यूझीलंडचा संघ आला. बंगळुरांत आपला पहिला डाव ४६ धांवांत आटोपला. पुण्यांत आपण ११३ धांवांनीं हरलों. मुंबईस १४७ धांवा करावयाच्या असतां १२१ वर गारद झालों. तिन्ही सामने गेले. त्यानंतर एका वर्षानें, २०२५ च्या नोव्हेंबरांत, दक्षिण आफ्रिकेनें कलकत्त्यास आपणांस १२४ धांवा करूं दिल्या नाहींत. ९३ धांवांत आपला डाव संपला. लागलीच गुवाहाटीस ४०८ धांवांनीं पराभव झाला. धांवांच्या हिशेबानें भारताचा इतका मोठा पराभव त्यापूर्वीं कधींच झाला नव्हता.

यांतील पुण्याच्या सामन्याचा तिसरा दिवस आम्हीं गहुंज्याच्या मैदानावर बसून पाहिला. बरोबर पुतण्या व त्याचे हे चिरंजीव होते. न्यूझीलंडचा सँटनर नांवाचा डावखुरा मंदगति गोलंदाज पहिल्या डावांत सात व दुसऱ्या डावांत सहा, असे तेरा बळी घेऊन गेला. याच मैदानावर २०१७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनें बारा बळी घेऊन आपणांस १०५ आणि १०७ धांवांत गुंडाळलें होतें. तोहि डावखुरा, तोहि मंदगति. २०१९ सालीं दक्षिण आफ्रिकेस आपण येथें एका डावानें हरविलें, हें सांगितलें पाहिजे. परंतु गहुंज्याला जे दोन सामने आपण गमाविले, ते दोन्ही एकाच जातीच्या गोलंदाजापुढें गमाविले, हा निव्वळ योगायोग नव्हे.

दोघांच्याहि गोलंदाजींत एक साम्य होतें. त्यांचे पुष्कळ बळी वळलेल्या चेंडूनें पडले नाहींत. ते न वळलेल्या चेंडूनें पडले. चेंडू वळेल या भीतीनें फलंदाज आधींच बॅट पुढें करून बसे, आणि चेंडू सरळ येऊन पायांवर किंवा यष्टीवर आदळे. असा चेंडू शेवटपर्यंत पाहावा लागतो, हात सैल ठेवावे लागतात, आणि घाई झाली असतांहि थांबावें लागतें. ही विद्या चार षटकांच्या माऱ्यापुढें वीस चेंडू खेळून येत नाहीं. ऊन डोक्यावर आहे, खेळपट्टीस भेगा पडल्या आहेत, एकच गोलंदाज एका टोकानें पंचवीस षटकें टाकीत आहे, आणि पाहावयास कोणीहि नाहीं, अशा दुपारीं ती येते. अशा दुपारी आपल्या देशांत एकाच ठिकाणीं मिळतात, आणि त्या ठिकाणास आमचे नातू ‘नुसती रणजी’ म्हणतात!

आतां या ‘नुसत्या’ गोष्टीचें थोडें वर्णन करितों. रणजी करंडकाचा पहिला सामना १९३४ च्या नोव्हेंबरांत मद्रासेस मद्रास व म्हैसूर यांच्यांत झाला. अलीकडील हंगामांत या स्पर्धेंत अडतीस संघ उतरतात; बत्तीस वरच्या श्रेणींत, सहा खालच्या. साखळींतील सामना चार दिवसांचा असतो. निर्णायक विजयास सहा गुण, एका डावानें अथवा दहा गड्यांनीं जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत आघाडी घेणारास तीन व दुसऱ्यास एक. आतां वाचकांनीं या गुणांचा परिणाम पाहावा. निर्णायक विजयास सहा गुण आहेत म्हणून कांहीं संघ घरच्या खेळपट्टीवर गवत राखतात. मग जलद गोलंदाज दोन-अडीच दिवसांत सामना संपवितात, आणि फिरकी गोलंदाज सीमेवर उभा राहून टाळ्या वाजवितो. ज्या देशाची फिरकी ही ख्याति, त्या देशाचा तरुण फलंदाज फिरकीस अनोळखी राहतो, तो असा. स्थालीपुलाकन्यायानें शितावरून भाताची परीक्षा होते. परंतु तांदूळच शिजत घातला नाहीं तर शीत तरी कोठून हातीं लागणार?

दुसरें कारण थोरांच्या अनुपस्थितीचें. २०२५ च्या जानेवारींत, ऑस्ट्रेलियांतील पराभवानंतर, नियामक मंडळानें सर्व खेळाडूंस देशांतील सामने खेळण्याचें बंधन घातलें. तेव्हां विराट कोहली बारा वर्षांहून अधिक काळानंतर दिल्लीकडून रणजी सामना खेळावयास उतरले. हजारों लोक मैदानावर लोटले. रेल्वेच्या हिमांशू सांगवाननें त्यांचा सहा धांवांवर त्रिफळा उडविला, आणि लोकांचे थवेच्या थवे घरीं चालते झाले. सामना तसाच चालू होता. पण तो पाहण्यासारखा आहे असें त्यांस वाटलें नाहीं. आम्हीं मनाशीं म्हटलें, तो त्रिफळा कोहलींचा उडाला हें खरें. परंतु जे उठून गेले त्यांचेंहि कांहींतरी उडालें.

पुण्याच्या लोकांस तरी हें असें वाटूं नये. महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, तो प्राध्यापक देवधर यांच्या नेतृत्वाखालीं. ते संस्कृताचे प्राध्यापक होते, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या. १९४८ च्या डिसेंबरांत पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या विक्रमास नऊच धांवा कमी होत्या. तेवढ्यांत प्रतिपक्षानें सामनाच सोडून दिला. निंबाळकरांस पुढें एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं; तरी रणजी स्पर्धेंत त्यांच्याएवढी खेळी अन्य कोणाचीहि झाली नाहीं.

हें सर्व आम्ही नातवास सांगत होतों, तों पुतण्या आंत आला. त्याचें म्हणणें न देतां पुढें जाणें अन्यायाचें होईल. कारण या प्रश्नांत आमच्या घरचाच एक प्रश्न गुंतलेला आहे. नातू चौदा वर्षांचा असून डावखुरी मंदगति गोलंदाजी करितो. चेंडूस उंची देतो, क्वचित् दोन षट्कारहि खातो, पण गडी फसवितो. ज्या शिकवणी-वर्गास तो जातो, तेथील गुरुजींनीं गेल्या महिन्यांत सांगितलें कीं, ही उंची सोडून चेंडू सपाट टाकावा आणि उरलेला वेळ षट्कार मारण्याच्या सरावास द्यावा. पुतण्यास तें पटलें आहे.

“काका,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणतां तें सुंदर आहे, पण मुलाच्या पोटाचें काय? रणजी खेळणारास दिवसाकाठीं अनुभवाप्रमाणें चाळीस ते साठ हजार मिळतात. तेहि संघांत निवड झाली तर, आणि वर्षांत असे दिवस किती! इकडे आय. पी. एल.च्या लिलावांत कमींत कमी बोली तीस लाखांची. २०२४ च्या लिलावांत पंतला सत्तावीस कोटी मिळाले. वैभव सूर्यवंशीनें चौदाव्या वर्षीं पस्तीस चेंडूंत शतक ठोकलें. तेंच वय आपल्या मुलाचें. त्यानें उंची देत बसावें आणि जगानें पुढें जावें काय?”

हें बोलणें अडाणीपणाचें नाहीं. बाप मुलाच्या भवितव्याची काळजी करील, नाहीं तर कोण करील? आमच्या पिढीनें मुलांस कारकुनी धरावयास सांगितलें, तेंहि याच काळजीपोटीं. शिवाय आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रणजीचा सराव म्हणजे रामबाण औषध नव्हे. २०२५ च्या कलकत्त्याच्या सामन्यांत दक्षिण आफ्रिकेचे डावहि १५९ व १५३ धांवांतच संपले होते. ती खेळपट्टी कोणासच सुखाची नव्हती. आम्ही थोडे निरुत्तर झालों, आणि निरुत्तर झालेला मास्तर जें करितो तें आम्हीं केलें. चष्मा पुसूं लागलों.

आमची सुटका नातीनें केली. ती अकरा वर्षांची आहे व बोलण्यांत भावापेक्षां दोन पावलें पुढें. “बाबा,” ती म्हणाली, “शफाली कुठून आली होती?”

प्रश्न नेमका होता. २०२५ च्या महिलांच्या विश्वचषकासाठीं निवडलेल्या संघांत शफाली वर्माचें नांव नव्हतें. जग विश्वचषक पाहत असतां ती हरियाणाकडून देशांतील वीस षटकांच्या स्पर्धेंत खेळत होती. उपान्त्य सामन्यापूर्वीं प्रतिका रावल जायबंदी झाली आणि शफालीस बोलावणें आलें. २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईंत झालेल्या अंतिम सामन्यांत तिनें ८७ धांवा काढल्या व दोन गडीहि टिपले. भारतानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून प्रथमच तो चषक जिंकला. ज्या आठवड्यांत आपण कोणीहि तिचा सामना पाहत नव्हतों, त्या आठवड्यांत ती खेळत होती म्हणूनच ती बोलावण्याच्या दिवशीं तयार होती.

मग आम्हांसहि धीर आला. गहुंज्याच्या त्याच पराभवांत आपल्या बाजूनें अकरा बळी कोणीं घेतले? वॉशिंग्टन सुंदर यांनीं. ते त्या संघांत मूळचे नव्हते. दिल्लीविरुद्ध रणजी सामन्यांत त्यांनीं १५२ धांवा केल्या आणि तेथून त्यांस पुण्यास बोलावलें गेलें. २०२४-२५ च्या रणजी हंगामांत विदर्भाच्या हर्ष दुबेनें ६९ बळी घेतले. त्या स्पर्धेच्या एका हंगामांत इतके बळी त्यापूर्वीं कोणींहि घेतले नव्हते, आणि विदर्भानें नागपुरांत केरळविरुद्ध अंतिम सामन्यांत पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जिंकला. हा दुबे डावखुरा मंदगति गोलंदाज आहे! पुतण्यानें मुलाकडे पाहिलें. मुलानें पुठ्ठ्याकडे पाहिलें.

तेव्हां येत्या हंगामाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याविषयीं वाचकांस तीन गोष्टी सुचवितों. पहिली, रणजी सामन्यांच्या वृत्तांत केवळ शतकें पाहूं नयेत; फिरकी गोलंदाजांनीं किती षटकें टाकलीं तें पाहावें. तो आंकडा वाढला तर जानेवारीची काळजी थोडी कमी करावी. दुसरी, चौथ्या दिवशीं तीन-चार तास खेळपट्टीवर उभा राहिलेला फलंदाज कोण, त्याचें नांव टिपून ठेवावें. मग त्याच्या धांवा चाळीसच कां असेनात. अश्विन २०२४ च्या डिसेंबरांत निवृत्त झाले, रोहित व कोहली २०२५ च्या मे महिन्यांत कसोटींतून बाहेर पडले. रिकाम्या जागा भरतील तर अशाच नांवांनीं भरतील. तिसरी, अलीकडे हा हंगाम दोन भागांत होतो व मध्यें मर्यादित षटकांच्या स्पर्धा येतात. दोन महिन्यांच्या खंडानंतर परतलेला खेळाडू पुन्हां थांबावयास शिकतो कीं नाहीं, यावर लक्ष असूं द्यावें.

आणि यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक तरी दिवस मैदानावर जावें. रणजी सामन्यास बहुधा तिकीट नसतें. डबा बरोबर न्यावा, उन्हाची टोपी न्यावी, मुलांबरोबर घरांतील वडील माणसांसहि न्यावें. घरीं थोर पाहुणे यावयाचे असले म्हणजे आपण दिवाणखाना झाडतों, चादरी बदलतों. पण शहाणी गृहिणी त्याआधीं पिठाचा डबा उघडून पाहते. कसोटी मालिका हा आपला दिवाणखाना आहे. रणजी हा पिठाचा डबा.

आमच्या घरीं शेवटीं असा तह झाला आहे. षट्कारांचा सराव नातू करील. पण हा हंगाम संपेपर्यंत चेंडूची उंची सोडावयाची नाहीं. हंगामाच्या शेवटीं हा विषय पुन्हां निघेल, आणि त्या वेळीं पुतण्याचें म्हणणें आम्ही मोकळ्या मनानें ऐकूं. तोंवर महाराष्ट्राचा पुण्यांतील पहिला सामना ज्या दिवशीं असेल, त्या दिवशीं पुतण्या कचेरींतून रजा काढणार आहे. आपल्या चाकरीच्या काळांत त्यानें खेळापायीं घेतलेली ही पहिलीच रजा होय.

काल रात्रीं देवापुढील दिवा मालवून आम्ही माजघरांतून जात असतां पुठ्ठ्याकडे सहज दृष्टि गेली. तळाशीं एक नवी ओळ आंखलेली होती, आणि तिच्या आरंभीं ‘रणजी’ असें लिहिलें होतें. तांबडी शाई मात्र तिला मिळालेली नाहीं. अक्षरें शिसपेन्सिलीचीं आहेत. ‘नुसती’ हा शब्द तेथें नव्हता.